सुजाता आणि आतली दारं

फोनवर सुजाताचं नाव दिसलं, म्हणून मी हसतच तो उचलला. थोड्याच वेळापूर्वी तिनं रस्त्यात गाडी थांबवून एकदा फोन केला होता. "वॉर्निश ओलं आहे गं, दार रात्रभर उघडंच ठेव. लावलंस तर चौकटीला चिकटेल." तेवढंच सांगायला. आता पुन्हा काहीतरी आठवलं असणार, असं मला वाटलं. मी म्हटलं, "बोला सुतारीणबाई." तर पलीकडून एका अनोळखी माणसाचा आवाज आला. "ताई, ह्या फोनवरनं शेवटचा नंबर तुमालाच लावल्याला हाय. ह्या बाई तुमच्या कोण लागत्यात?" तिच्या फोनला कधीच लॉक नसायचं. मागं हॉर्न वाजत होते, कुणीतरी "उचला, उचला" म्हणत होतं. मी म्हणाले, "मैत्रीण." पुढं मी काय विचारलं आणि तो काय बोलला, हे मला नीट आठवत नाही. उसाचा ट्रेलर, रस्त्यात बंद पडलेला, मागं लाल दिवा नव्हता... असे सुटे सुटे शब्द तेवढे आठवतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाचा फोन हाय?" मी म्हणाले, "सुजाताचा."

ह्या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेलेत. भेटायला येणारे म्हणतात, लिही, लिहिलं की मोकळं वाटतं. मला मोकळं वाटायला नको आहे. जी बाई माझ्या अंगणात नळाखाली हात धूत होती, ती त्याच संध्याकाळी बारामतीच्या दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली कशी असू शकते, एवढंच मला कळून घ्यायचं आहे, आणि ते अजून कळत नाही. त्या संध्याकाळी यजमानांनी गाडी काढली आणि आम्ही दोघं गेलो, त्याच रस्त्यानं. ट्रेलर तोवर बाजूला घेतला होता. डांबरावर चेपलेला ऊस पडला होता आणि त्यावरून गाड्या सावकाश जात होत्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा नवरा मिलिंद तिचं हेल्मेट पोटाशी धरून उभा होता. येईल त्याला सांगत होता, "हेल्मेट घातलं होतं तिनं." एसटीच्या आगारात इंजिनं उघडून बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस परत परत तेच एक वाक्य बोलत होता. मी आत गेले. तिच्या चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून हाताकडं बघितलं. नखांच्या कडांना वॉर्निश लागलेलं होतं, आमच्या दाराचं. टर्पेंटाईन संपलं होतं म्हणून "घरी जाऊन काढते" म्हणाली होती.

सुजाता मला पहिल्यांदा भेटली ती बारामतीतच, डी.एड.ला असताना. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. मी इंदापूर तालुक्यातल्या बागायतदाराच्या घरातली, ती लोणी भापकरची, आजोबांच्या काळात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली. पहिल्या दिवशी तिनं ट्रंक खाली ठेवली, खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि कॉटवर बसून त्या दाराकडं बघत राहिली. मला ही मुलगी जरा विचित्रच वाटली. मी विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "दार. आतून लावलेलं." नंतर ओळख वाढल्यावर तिनं सांगितलं, त्यांचं घर म्हणजे एक लांबट खोली होती. मध्ये आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडं चार भावंडं, पलीकडं चूल, आणि ही कानात कापूस घालून अभ्यास करायची. "आमच्या घराला बाहेरचं दार होतं," ती म्हणायची. "घरालाच आत आणखी दारं असतात, हे मला दुसऱ्यांच्या घरात डोकावून कळलं." हे ती रडवेल्या आवाजात सांगायची नाही. सुजाताचा आवाज मुळातच मोठा, हसणं त्याहून मोठं. तिच्या वर्गाशेजारी ज्यांचा वर्ग असायचा, ते शिक्षक मुख्याध्यापकांकडं खोली बदलून मागायचे.

नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. मी लग्नानंतर इंदापूरच्याच शाळेत राहिले, ती फिरत फिरत बारामतीच्या जवळ आली. जळोचीला तिनं आणि मिलिंदनं एक जुनं घर विकत घेतलं. भिंती चांगल्या होत्या, पण आतली सगळी दारं चॉकलेटी ऑइलपेंटनं माखलेली, कुठं फुगलेली, कुठं कुत्र्यानं कुरतडलेली. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, ही काढून टाका, फ्लश डोअर बसवून देतो." तिलाही ते पटलं होतं. पहिलं दार काढून माणसांनी अंगणात टाकलं, तेव्हा कोपऱ्यावरचा रंगाचा एक पापुद्रा उडाला. त्या दिवशी तिचा मला फोन आला. "अगं, आत सागवान आहे. चॉकलेटीच्या खाली पोपटी, पोपटीच्या खाली निळा, आणि सगळ्यात खाली सोन्यासारखं लाकूड. कुणी झाकलं असेल हे?" ठेकेदाराला तिनं दारांपुरतं थांबवलं आणि स्वतः रंग खरवडायला बसली.

पहिलं दार तिनं चक्क जाळलं. गरम हवेच्या यंत्रानं रंग सुटतो असं मोबाईलवर बघितलं, यंत्र आणलं आणि एका जागी इतका वेळ धरलं की लाकूड काळं पडलं. मिलिंदनं ते दार अडगळीच्या खोलीला लावलं आणि पाहुण्यांना हौसेनं दाखवायचा, "हे आमच्या मॅडमचं पहिलं." ती चिडायची. मग मंडईमागच्या एका सुताराकडं जाऊन बसायला लागली. पटाशी कशी धरायची, वाळवीनं खाल्लेला भाग कुठवर कापायचा, नवा तुकडा जुन्या लाकडाच्या रेघेला रेघ जुळवून कसा बसवायचा, हे शिकली. तिच्यात सबुरी मुळीच नव्हती. वॉर्निशचा एक हात वाळायच्या आत दुसरा द्यायची आणि मग सगळं पुन्हा घासत बसायची. पण ती सोडायचीही नाही. हळूहळू गल्लीतले लोक दारं आणून द्यायला लागले. कुणाचं पाण्यानं कुजलेलं, कुणाच्या मुलानं रागात लाथ घालून फोडलेलं. बाहेरचं दार मात्र ती घ्यायची नाही. "बाहेरच्या दाराला लोक खर्च करतात, कारण ते गावाला दिसतं. आतल्याकडं कोण बघतंय?" लग्नाला गेली तरी कार्यालयातल्या खोल्यांच्या दारांवरून हात फिरवून यायची आणि जेवताना माझ्या कानात सांगायची, "वधूपक्षाच्या खोलीला वाळवी आहे."

आमच्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे, मागचं स्वयंपाकघर जुन्या दगडी बांधणीतलं. पुढच्या सोप्यातून तिथं जायच्या दाराची खालची बाजू मोरीच्या पाण्यानं फुगली होती. उघडताना फरशीवर घासायचं, आणि खाली एका फळीवर पत्र्याचं ठिगळ मारलेलं. यजमान म्हणत होते, पेरूचा हंगाम झाला की नवीन बसवू. मी सुजाताला सहज बोलले आणि ती पुढच्या रविवारी यायला तयार झाली. आत्याबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "करू द्या की, माझी काय हरकत न्हाय. पण दार भाईर काढून द्या त्यास्नी. आत कशाला?"

ह्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळत होता. इतक्या वर्षांत सुजाता कितीदा आमच्याकडं आली, पण सोप्यातून मागं कधी गेली नाही. ह्यावरून मी आत्याबाईंशी अनेकदा भांडले होते. त्या उलट बोलत नसत. त्या दिवशी जेवत नसत, एवढंच. सुजाताला मी काही सांगायच्या आधी तीच म्हणाली, "अंगणातच बरं. उजेड चांगला मिळतो." पहिल्या रविवारी तिनं हत्यारांच्या पिशवीतून एक थर्मास काढून चिंचेच्या बुंध्याशी ठेवला. मी म्हटलं, "हे काय आणलंस?" म्हणाली, "बिनसाखरेचा चहा लागतो मला आता." सुजाता चहात किती साखर घालते, हे मला वसतिगृहापासून माहीत होतं. मी रागावले. तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता पटाशीला धार लावत म्हटलं, "तुझ्या घरात भांडण लावायला आले नाही मी. दार लावायला आलेय."

मग बरेच रविवार ती येत राहिली. थंडीचे दिवस होते, ऊसतोड सुरू झाली होती. सकाळी स्कूटरवरून यायची, उन्हं कलायच्या आत निघायची, कारण त्या रस्त्यावर अंधारात ट्रेलर दिसत नाहीत, हे तिला माहीत होतं. तीच मला सांगायची... चिंचेखाली दोन स्टुलांवर आमचं दार आडवं ठेवलेलं असायचं आणि ती त्यावर वाकलेली. आत्याबाई मागच्या पायरीवर बसून लसूण सोलत, दाणे निवडत बघायच्या. एका रविवारी सुजातानं पत्र्याचं ठिगळ उचकटलं. त्याखालची फळी वाळवीनं भुगा झालेली होती. दुपारी आत्याबाई पहिल्यांदा पायरी उतरून खाली आल्या.

"ते ठिगळ कुठं टाकलं बाई?"

"टाकलं नाही आजी. पिशवीत ठेवलंय."

"आमच्या मालकानी मारल्यालं हाय ते. उंदरं शिरायची दाण्याला. हातोडा बोटावर बसला, तवा किती दिस हात बांधून हिंडत हुतं."

सुजातानं तो गंजका पत्रा पिशवीतून काढला. देताना तिनं तो खाली ठेवायला हात पुढं केला होता, कारण तिला तशीच सवय होती आमच्या घरी. आत्याबाईंनी तो तिच्या हातातूनच घेतला. पदरानं पुसला आणि आत घेऊन गेल्या. त्यानंतरच्या रविवारी त्या पायरीवर बसल्या नाहीत, चिंचेखाली पोतं टाकून बसल्या. सुजाता फटीत काहीतरी भरत होती. "हे काय भरती?" "लाकडाचा भुसा आणि गोंद, आजी." "आमी श्याण भरलं असतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि सुजाता अशी हसली की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली.

शेवटचा रविवार. दार तयार झालं होतं. खालचा कुजका भाग कापून तिनं तिथं जुन्याच सागवानाचा तुकडा बसवला होता. आता कुठं बसवलाय हे मलाही शोधावं लागत होतं. यजमान पेरू घेऊन मार्केट यार्डात गेलेले, मजुरांना सुट्टी. दार जड होतं आणि आम्ही दोघीच. कसंबसं सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत नेलं आणि भिंतीला टेकवून उभ्या राहिलो. दार आत उघडणारं, त्यामुळं बिजागऱ्यांचे स्क्रू आतूनच मारायला लागणार होते. सुजाता उंबऱ्याच्या अलीकडं थांबली. घाम पुसत म्हणाली, "दादांना येऊ दे. ते आतून मारतील." मी काही बोलणार, तेवढ्यात चुलीजवळून आत्याबाईंचा आवाज आला. "त्यो कवा यायचा? या की आत."

सुजातानं माझ्याकडं बघितलं. मग चपला काढल्या. त्या आधीच काढलेल्या होत्या, हे तिच्या लक्षात नव्हतं. अनवाणी पायांनीच तिनं चपला काढल्यासारखं केलं आणि आत गेली. मी बाहेरून दार उचलून धरलं, पण ते एका बाजूला कलायला लागलं. तेव्हा आत्याबाई उठल्या, ऐंशीच्या घरातल्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी खाली बसून दाराचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी उचलला. त्यांच्या डोक्याला लागून सुजाता उभी, तोंडात स्क्रू धरलेले. "आजी, जरा वर... अजून जरा... धरा आता." स्क्रू बसला. दुसरा बसला. सुजातानं दार ढकललं, तर ते फरशीला न लागता आवाज न करता गेलं आणि आलं. आत्याबाई खालीच बसून ते बघत होत्या. मग सुजातानं त्या दाराला वॉर्निशचा शेवटचा हात दिला, हातांचे डाग राहू नयेत म्हणून तो दार बसवल्यावरच द्यायचा असतो म्हणाली. तिचं होईपर्यंत उन्हं कलली होती. ती सामान आवरून निघाली. तर आत्याबाई म्हणाल्या, "थांबा, चा ठेवलाय."

आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसून चहा प्यालो. रोजच्याच कपांतून. आत्याबाईंनी विचारलं, "साखर चालती का न्हाय?" सुजाता म्हणाली, "चालते आजी. आज चालते." दूध जरा उशिरा तापलं, आत्याबाईंचा हात सावकाश चालतो. त्यात सुजाता बोलायला लागली, लोणीच्या घराबद्दल, लुगड्याच्या पडद्याबद्दल, आणि आत्याबाई विचारत राहिल्या, "मग निजायचा कुठं तुमी समदी?" तिनं अंगणातून मिलिंदला फोन केला आणि स्कूटर सुरू केली, तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

बाकीचं मी वर लिहिलंच आहे.

त्या रात्री दवाखान्यातून परत आलो, तेव्हा आत्याबाई त्याच दारापाशी बसलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जळोचीला अंत्यविधी झाला. त्या आल्या नाहीत, आणि मीही त्यांना विचारलं नाही. नंतर दोन-तीन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. मला वाटलं, वय झालंय, धक्का बसलाय. मग एका सकाळी मी भाकरी थापत असताना त्या मागून म्हणाल्या, "म्या चा पाजला म्हणून तिला अंधार पडला."

मी वळून बघितलं.

"न्हाय तर ती रोजच्यासारकी उजेडात गेली असती. इतक्या वर्सांत कवा पाजला न्हाय. आन त्याच दिशी पाजला."

मी म्हणाले, "असं नसतं आत्याबाई. ट्रेलरला दिवा नव्हता." त्यांनी मान हलवली. ते त्यांना माहीत होतं. पण त्या जे म्हणत होत्या, तेही खोटं नव्हतं. हे असं जुळून यायला कुणीच काही केलेलं नव्हतं. एका बाईनं एका बाईला चहा दिला होता... तव्यावरची भाकरी करपली, तरी आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावच्या वंदनेच्या दिवशी मी निघाले, तेव्हा आत्याबाई नेसून तयार होत्या. "मला बी यायचंय," एवढंच म्हणाल्या. गाडीत त्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. ती जागा आली तेव्हा यजमानांनी गाडी हळू केली. आत्याबाईंनी विचारलं नाही की हीच का. त्यांना कळलं. जळोचीला मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली होती, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, भन्तेजींची वंदना चाललेली. आत्याबाई बायकांत मागं जाऊन बसल्या. एका मुलीनं पाण्याचा तांब्या-पेला आणला. त्यांनी तो घेतला आणि सगळं पाणी प्याल्या. वंदना संपल्यावर त्या उठून मिलिंदपुढं जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याचे हात धरले.

"बाबा, म्या तिला चा पाजला. त्यात येळ झाला. तुला सांगाय आलेय."

मिलिंदनं त्यांचे हात सोडले नाहीत. मग म्हणाला, "तिनं मला निघताना फोन केलता आजी. म्हणाली, आज आजींनी चहा केला, आत बसून प्याले. म्हणाली, जेवायला थांबू नका, मला भूकच न्हाय. लई हसत हुती." आत्याबाईंना बरं वाटलं असेल का ह्यानं? मला नाही तसं वाटत. त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, तसं आमच्या घरच्या कुणाच्या मयतालाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "सुजाता," म्हणाल्या. आजवर त्या तिला "बाई"च म्हणत आल्या होत्या.

सगळे पांगल्यावर मिलिंद आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं ती काम करायची. भिंतीला दोन-तीन दारं टेकवून ठेवलेली, खिळ्यांवर पटाशा टांगलेल्या, खिडकीत तिचा चष्मा. मध्ये स्टुलांवर एक दार आडवं होतं, गल्लीतल्याच कुणाचं. वरचा अर्धा भाग खरवडून झालेला, स्वच्छ पिवळसर लाकूड. खालचा अर्धा अजून गडद निळा. मधली रेघ सरळ नव्हती. एका बाजूला ती जरा पुढं गेली होती, तिथं तिनं पटाशी थांबवली असणार. शनिवारी संध्याकाळी, मिलिंद म्हणाला. रविवारी आमच्याकडं यायचं होतं म्हणून. ज्यांचं दार, ते लोक येऊन गेले होते. त्यांना पडदा लावून चालतंय, घाई नाही, असं सांगून गेले.

परवा मी पुन्हा जळोचीला गेले. आता उन्हाळा लागलाय. घरात पंखे फिरत होते, तरी अंगाची काहिली होत होती. मिलिंदनं मला मागच्या खोलीत बसवलं, कारण मला तिथंच बसायचं होतं. दार तसंच आहे. रोज तो सगळं घर झाडतो, ती खोलीही झाडतो, फक्त त्या दाराखाली झाडू फिरवत नाही. तिथं फरशीवर तिनं खरवडलेल्या निळ्या रंगाच्या खपल्या पडल्यात, काही पोपटी, पापडासारख्या हलक्या. मी घामेजून पदरानं वारा घ्यायला लागले, तशी एक खपली जराशी सरकली. मी पदर खाली केला. वर पंखा होता, पण त्या खोलीतला पंखा ती गेल्यापासून कुणी लावलेला नाही.